बिनकामाच्या छंदाचा हक्क

बाईला छंद असतो तो कसला? भरतकाम, विणकाम, नवनवीन पदार्थ, बागकाम, फार तर रांगोळी. यातल्या एकालाही नावं ठेवायची नाहीत मला. पण एक गोष्ट पाहा. या प्रत्येक छंदातून शेवटी घरात काहीतरी येतं. स्वेटर येतो, लोणचं येतं, उशीचा अभ्रा येतो, दारापुढे शोभा येते. म्हणजे छंदसुद्धा घरकामाचीच जादा पाळी. पुरुषाच्या छंदाला अशी अट नसते. तो पोस्टाची तिकिटं जमवतो, जुनी स्कूटर अंगणात सुटी करून बसतो, रविवारभर रेडिओच्या पोटात डोकं घालतो आणि सगळं घर त्याच्या भोवतीनं पाय न वाजवता वावरतं. "त्याला नाद आहे त्याचा," असं कौतुकानं सांगितलं जातं. बाईला नाद आहे म्हटलं की मात्र शब्दाचा अर्थच बदलतो.

गेली काही वर्षं मी १९८० च्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करते. दुरुस्त करून ते विकत नाही, त्यांवर कुठलं काम करत नाही. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला घरात जितक्यांदा विचारला गेला, त्याहून जास्त वेळा तो आपल्याच बैठकांमधून विचारला गेला. केंद्रावर केसेस तुंबल्यात, निधी आटलाय आणि ही बाई खेळणी उघडून बसते! मैत्रिणींनो, उपयोग काहीच नाही. आणि तरीही हा विषय आपल्या पत्रिकेचा आहे असं मला वाटतं. का ते सांगते.

आधी हे यंत्र म्हणजे काय ते. आज कॉम्प्युटर म्हटला की आपल्याला ऑफिसातला पडदा आणि माऊस आठवतो. त्याच्या आधी, १९८० च्या सुरुवातीला, नुसत्या कीबोर्डच्या आकाराचे स्वस्त कॉम्प्युटर निघाले. घरच्या टीव्हीला जोडायचे, आणि प्रोग्रॅम आपल्या नेहमीच्या टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून चढवायचे. त्यातला सर्वांत गाजलेला म्हणजे इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम. तो २३ एप्रिल १९८२ ला बाजारात आला. किंमत १६ किलोबाइटच्या यंत्राला १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या यंत्राला १७५ पौंड. आज मोबाइलवरचा एक साधा फोटो याच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. १९८६ च्या सुमाराला त्याची पुढची आवृत्ती डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन भारतातही विकली.

माझ्याकडचा पहिला स्पेक्ट्रम मात्र इंग्लंडहून आलेला, माझ्या मावसभावासाठी. मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. "शॉक बसेल" हे कारण. नऊ व्होल्टच्या यंत्रानं शॉक बसत नाही हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तोवर ते यंत्र मावशीच्या माळ्यावर पितळेच्या भांड्यांखाली गेलेलं होतं.

चाळीस वर्षांनी असं यंत्र उघडलं की काय दिसतं? खालचे पाच स्क्रू काढायचे. वरचं झाकण जपून उचलायचं, कारण कीबोर्डखाली एक पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि त्याच्या दोन पट्ट्या खालच्या पाटीत खोचलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्या पापडासारख्या झालेल्या असतात आणि बहुधा हातातच मोडतात. मोडू द्या. नवे पडदे आजही कुणी कुणी बनवतं. मग ती हिरवी सर्किटची पाटी. तिच्यावरचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर म्हणजे छोटे डबे, त्यांच्या आतला द्रव काळानं सुकतो. ते सगळे बदलायचे. टीव्हीवर काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्या आल्या तर दुखणं बहुतेक वेळा मेमरीत असतं. खालच्या १६ किलोबाइटच्या आठ चिप्स मोठ्या नाजूक तब्येतीच्या. त्यांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन वेगळे व्होल्ट लागतात. उणे पाच गेला आणि बारा चालू राहिला की त्या जळतात. हे व्होल्ट तयार करणारा एक चिमुकला ट्रान्झिस्टर आहे, तो बिघडला की आपल्याबरोबर चिप्सनाही घेऊन जातो. म्हणून नवी चिप बसवण्याआधी मल्टिमीटरनं तिन्ही व्होल्ट मोजायचे. मोजणं, वाट पाहणं, एकेक शक्यता खोडत जाणं. आपल्यातल्या ज्या बायकांनी दहा-दहा वर्षं कोर्टाच्या तारखा सांभाळल्यात, त्यांना या चिकाटीचं शिक्षण वेगळं द्यावं लागणार नाही.

सगळं जुळलं की पांढऱ्या पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटते. तिच्यात १९८२ हे साल आणि सिंक्लेअर रिसर्च लिमिटेडचं नाव असतं. स्वामित्वहक्काची ओळ आहे ती. मालकाचं नाव चाळीस वर्षांनीही दर वेळी सगळ्यांत आधी येतं.

आणि हे यंत्र बनवलं कुणी? हा छंद करणाऱ्या पुरुषांना क्लाइव्ह सिंक्लेअर ठाऊक असतो, आराखडा करणारा रिचर्ड आल्टवॉसर ठाऊक असतो, बाहेरचं रूप देणारा रिक डिकिन्सन ठाऊक असतो. त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण स्पेक्ट्रमची जुळणी होत होती ती स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या टाइमेक्स या घड्याळाच्या कारखान्यात, आणि तिथे जुळणीच्या ओळीत बसलेल्या कामगार बहुतांश बायका होत्या. घड्याळाचं काम आटलं तसं त्यांच्या हाती सिंक्लेअरचे कॉम्प्युटर आले. पुढे १९८६ साली सिंक्लेअरनं आपला कॉम्प्युटरचा धंदा विकून टाकला आणि डंडीत दुसऱ्या कंपन्यांच्या सर्किटच्या पाट्या जोडून देण्याचं काम उरलं. जानेवारी १९९३ मध्ये कामगारकपात आणि पगारगोठवणीविरुद्ध तिथे संप झाला. फेब्रुवारीत कामगार परत कामावर गेले तर दारं बंद. जवळपास साडेतीनशे जणांना काढून टाकून कंपनीनं बसगाड्या भरून बदली कामगार आणले. बायकांनी कित्येक महिने दारावर पहारा केला. ऑगस्ट १९९३ मध्ये कारखानाच बंद झाला. ब्रिटिश कामगार चळवळीत हा लढा आजही आठवला जातो. जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांच्या बोलण्यात तो क्वचितच येतो.

हे ऐकताना आपल्याला अंधेरीची सीप्झ आठवल्याशिवाय राहणार नाही. १९७३ पासूनच्या त्या निर्यात क्षेत्रातही इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीला मुलीच लागायच्या. कारण काय सांगितलं जायचं? बायकांची बोटं नाजूक, चपळ. डायान एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोघींनी १९८१ सालीच या नाजूक बोटांचं गणित मांडलं होतं. ही बोटं काही जन्मजात चपळ नसतात. आईनं लहानपणापासून शिवणटिपण शिकवून ती तयार केलेली असतात. पण ते शिक्षण घरात, फुकट झालेलं. त्याला सर्टिफिकेट नाही, म्हणून ते कौशल्य धरलंच जात नाही, आणि कामाला अकुशल म्हणून कमी पगार. माझं म्हणणं यापुढचं आहे. हीच बोटं कारखान्याच्या ओळीत असली की चपळ, आणि घरच्या टेबलावर तिनं स्वतःच्या मर्जीनं सोल्डरिंग आयर्न उचललं की "राहू दे, तुला जमायचं नाही, भाजेल." रोज पोळ्या तव्यावरून हातानं उचलणारीला भाजण्याची भीती घालायची!

बनवणाऱ्या बायका, मग वापरणारे कोण? जाहिरातीत मुलगा आणि बाप. अमेरिकेतले आकडे प्रसिद्ध आहेत. तिथे कॉम्प्युटर शास्त्राच्या पदव्या घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत चढलं होतं. त्यानंतर ते उतरत गेलं, पुढे निम्म्यावर आलं. घरगुती कॉम्प्युटर घरोघर शिरले तो हाच काळ. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी बोलून २००२ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात घराघरांतला कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत कसा ठेवला जात होता हे आलेलं आहे. मुलगी कॉलेजात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावायची तोवर मुलगा पाच-सहा वर्षं पुढे गेलेला. आमच्या मावशीच्या घरातली गोष्ट पिट्सबर्गमधल्या घरांपेक्षा वेगळी नव्हती, एवढं कळून मला बरंही वाटलं आणि रागही आला.

याच काळातलं दुसरं यंत्र बीबीसी मायक्रो. आपल्या सरकारनं १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प काढला, त्यात हीच यंत्रं दिली होती. त्याच्या रचनेत सोफी विल्सन यांचा मोठा वाटा. त्याची बेसिक भाषा त्यांनी लिहिली. पुढे एआरएम प्रोसेसरचा आज्ञासंचही त्यांनी रचला, ज्याच्या वंशातला प्रोसेसर आज आपल्या प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये आहे. विल्सन ट्रान्स स्त्री आहेत. त्या काळावर बीबीसीनं २००९ साली एक चित्रपट काढला. नाव काय, तर 'मायक्रो मेन'. त्यात स्वतः विल्सनही क्षणभर दिसतात, दारूच्या गुत्त्याची मालकीण म्हणून. यावर मी काही बोलत नाही.

छंदाच्या जगात एक वाद नेहमी चालतो: यंत्र मूळ रूपात ठेवायचं की सुधारायचं? बापे या वादात फार रमतात. माझा पक्ष सांगते. टीव्हीकडे जाणारा जुना रेडिओ सिग्नल बाजूला करून थेट व्हिडिओ सिग्नल काढून घ्यावा, आजच्या पडद्यांवर त्याशिवाय धड दिसत नाही. तापणारा व्होल्टेज रेग्युलेटर काढून नवा थंड चालणारा बसवावा. कॅसेटमधून एक प्रोग्रॅम चढायला पाचेक मिनिटं लागतात, तिथे एसडी कार्डाचा जोड द्यावा. हे सगळं खुशाल करावं. पण मूळ पाटी फेकून तिची नवी कोरी नक्कल घालू नये, हल्ली तशीही मिळते. त्या पाटीवरचे भाग डंडीच्या कुठल्यातरी बाईनं बसवलेले आहेत. मी कॅपॅसिटर बदलते तेव्हा तिच्या कामाशेजारी माझं काम बसतं. तिचं पुसून टाकायचं मला कारण दिसत नाही.

आता उपयोगाचंच ऐकायचं असेल तर एक सांगते, पण छंदाला परवानगी मिळवण्याची किंमत म्हणून नव्हे. आपल्या कितीतरी संस्थांमध्ये १९९० च्या दशकातली कागदपत्रं, शिबिरांचे अहवाल, बायकांच्या जबान्या फ्लॉपींवर पडून आहेत. जिस्ट कार्डावर किंवा त्या वेळच्या निरनिराळ्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. आजच्या कॉम्प्युटरला फ्लॉपीची खाचही नाही आणि ते फॉन्टही वाचता येत नाहीत. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या उघडतील, त्यांच्या पाटीवरची बॅटरी गळून आजूबाजूचं तांबं खात असते. ज्या बाईला स्पेक्ट्रम दुरुस्त करता येतो तिला ती बॅटरी कापून काढून पाटी स्वच्छ करता येईल. अशी बाई आपल्यात नसेल तर आपण ते सामान भंगारवाल्याला देऊ, आणि दिलेलंही आहे.

हा छंद पैशाचा आहे हे खरंच. इंग्लंडातून यंत्र मागवायचं तर टपाल आणि कस्टम मिळून पुष्कळ होतात. पण शिकायला स्पेक्ट्रमच हवा असं नाही, बंद पडलेला ट्रान्झिस्टरही चालतो. पैशापेक्षा अवघड आहे ते टेबल. उघडलेलं यंत्र, पन्नास सुटे भाग, वाटीत ठेवलेले स्क्रू हे सगळं चार-चार दिवस तसंच राहावं लागतं. आपल्या घरांतून बाईला असं टेबल नसतं. तिचं टेबल म्हणजे जेवणाचं, आणि ते रात्री आठ वाजता रिकामं करायचं असतं. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक केंद्रावर एक टेबल यासाठी द्यावं. एक सोल्डरिंग आयर्न, कथलाची तार, जुना डाख ओढून काढायचा पंप, मल्टिमीटर, भिंग. "हे टेबल आवरू नये" अशी पाटी वर लावावी.

काम खिडकीशेजारी, पंखा बाहेरच्या दिशेनं ठेवून करावं. सोल्डरिंगमधला राळेचा धूर दम्याला कारण होतो, आणि जुन्या तारेत शिसंही असतं, तेव्हा चहाचा कप त्या टेबलावर नको आणि उठल्यावर हात साबणानं धुवायचे. आणि स्पेक्ट्रमला भलता अ‍ॅडाप्टर लावू नका. त्याच्या पिनेत मधली बाजू ऋण असते, नेहमीच्या अ‍ॅडाप्टरांच्या बरोबर उलटी.