हिंगोलीच्या मुलांचा रविवार

ईदचे दोन दिवस पाहुण्यांत जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी आठ वर्षांची मुलगी हमखास विचारते, "अब्बू, आज कुठं जायचं?"

पुण्यात या प्रश्नाला दहा उत्तरं असतात. हिंगोलीत, माझ्या जन्मगावात, मी गडबडतो. मग आम्ही तेच करतो जे आपल्यातली बहुतेक कुटुंबं करतात. एखाद्या मावशीकडं जातो, नाहीतर गाडी काढून नांदेडला खरेदीला जातो. गेल्या वेळी मुलीनं परतताना विचारलं, "हिंगोलीत बघायला काहीच नाही का?" मला वाईट वाटलं, कारण हे खरं नाही. आणि त्याहून वाईट वाटलं, कारण हे खोटं आहे असं तिला पटवून देईल अशी एकही जागा मला दाखवता येईना.

हा लेख त्या जागेविषयी आहे. मुलांना घेऊन, आजी-आजोबांना घेऊन, डबा बांधून जाता येईल, काही पाहता आणि हाताळता येईल, आणि दारात कुणी कुणाचं नाव विचारणार नाही, अशी जागा.

आधी अम्मीची एक गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी अम्मी पुण्याला आली होती. तिला बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं. साठी ओलांडलेली माझी आई आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालयात पाऊल ठेवत होती. तलवारी आणि चित्रं तिनं भराभर पाहिली. अडकित्त्यांच्या आणि पानाच्या डब्यांच्या कपाटासमोर मात्र ती थांबली ती थांबलीच. म्हणाली, "ऐसा तो अपने घर में था बेटा. भंगारवाले कू दे दिए."

नानीचं पितळी पानदान होतं ते. घर बांधताना जुन्या भांड्यांबरोबर किलोच्या भावानं गेलं. अम्मी संग्रहालयातून बाहेर पडेपर्यंत फारशी बोलली नाही. रात्री जेवताना मात्र नानीच्या घराबद्दल ती तासभर बोलत राहिली आणि माझी मुलं जेवण विसरून ऐकत राहिली. पणजी काय खायची, कशी बसायची, कुणाला पान लावून द्यायची, हे सगळं त्यांना त्या एका कपाटामुळं कळलं.

दिनकर केळकर हे काही राजे-महाराजे नव्हते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. लहानपणी वारलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं. घराघरांतून दिवे, अडकित्ते, फण्या, वाद्यं, दरवाजे गोळा केले आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. लोकांच्या रोजच्या वस्तूही जपण्यालायक असतात, हे त्यांना कळलं होतं. आपल्या जिल्ह्यात ते अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. पाच तालुके, पाचांची वेगळी ओळख. इथं पाहण्यासारखं काय आहे, ते मोजू.

औंढ्याचं नागनाथ मंदिर आहे. मी चौथीत असताना शाळेची सहल तिथं गेली होती. गुरुजींनी आम्हाला बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती मोजायला लावल्या आणि सगळ्यांचे आकडे वेगवेगळे आले. खालचा कोरीव काळा दगड जुना आणि वरचा चुन्याचा भाग नंतरच्या दुरुस्तीतला, हे त्यांनी बोटानं दाखवलं. एका इमारतीत दोन काळ वाचता येतात, हे मी तिथं शिकलो.

नर्सी आहे. संत नामदेवांचं हे गाव. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबातले यात्रेकरू विचारत विचारत इथं येतात. हिंगोलीतल्या किती मुलांना हे माहीत आहे?

पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण आहे. हिवाळ्याच्या सकाळी तिथं पाणपक्षी पाहायला दुर्बीणच लागते असं नाही, थोडा धीर लागतो. कळमनुरीच्या बाजूला पैनगंगेवरचं इसापूर धरण आहे. वसमतची हळद आहे, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळा लागता लागता शेतात हळद उकडतात, वाळवतात, ढोलात घालून पॉलिश करतात. शहरातल्या मुलाला ते पाहणं म्हणजे एक आख्खं प्रदर्शन आहे, आणि ओळखीचा शेतकरी त्याचे पैसे घेत नाही, उलट चहा पाजतो.

आपल्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असं का लिहिलंय, हे मुलांना विचारा. त्या एका शब्दात निजामाचं राज्य आहे, हैदराबाद कंटिंजंटची छावणी आहे, १९४८ चं विलीनीकरण आहे. आणि सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचं सरोवर आहे. आकाशातून आलेल्या दगडानं बसाल्टमध्ये पाडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. २०२० मध्ये त्याला रामसर यादीत जागा मिळाली.

म्हणजे पाहायला भरपूर आहे. नाही ते एवढंच, की या सगळ्याची गोष्ट मुलांना एका ठिकाणी सांगणारं कुणी नाही.

आता थोडी नाजूक बाब. चौथीत मी औंढ्याला बिनधास्त गेलो होतो. आज स्वतःच्या मुलीला घेऊन जाताना मनात संकोच येतो. कुणी काही म्हटलेलं नाही. पण आपण दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागी उभे आहोत, आपल्यामुळं कुणाला अवघडायला नको, असं वाटत राहतं. आपल्या दर्ग्यात येणाऱ्या हिंदू शेजाऱ्यांना कधी कधी हेच वाटत असेल. मी गेलो, पुढंही जाईन, आणि तुम्हीही मुलांना न्यावं असंच म्हणेन. तरी धार्मिक स्थळी एक घरचा असतो आणि एक पाहुणा. संग्रहालयात सगळे सारखे. तिकीट काढलेला प्रत्येक माणूस तिथं फक्त प्रेक्षक असतो. बुरखा घातलेली आई, धोतर नेसलेले आजोबा आणि शाळेच्या गणवेशातली पोरं एकाच कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहतात. अशी जागा जिल्ह्यात नसणं ही केवळ करमणुकीची उणीव नाही. आपली मुलं एकमेकांना कुठं भेटणार, हा प्रश्न आहे.

ही जागा मिळवण्याची एक संधी आपल्या दारात उभी आहे. औंढा तालुक्यात दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. आत निर्वात पोकळी, टोकांना आरसे, मधून लेझरचा झोत. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्या लहरीनं या नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनच्याही काही हजाराव्या भागाइतका फरक पडतो, आणि हे यंत्र तो ओळखतं. अशी पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी टिपली, आणि २०१७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या कामाला मिळालं.

मुलीला मी सांगितलं, "जगातले सगळ्यांत तीक्ष्ण कान आपल्या औंढ्याजवळ बसणार आहेत." तिचा लगेच प्रश्न, "आपल्याला आत जाता येईल?"

अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या यंत्राशेजारी मुलांनी हात लावून पाहावं अशा उपकरणांचं विज्ञान केंद्र आहे, आणि ठरलेल्या शनिवारी आसपासची कुटुंबं तिथं जातात. हॅनफर्डच्या यंत्राजवळही २०२२ पासून असं केंद्र आहे. आणि इतक्या लांब तरी कशाला? लायगो-इंडियाच्या भागीदार संस्थांपैकी एक आहे पुण्यातली ‘आयुका’. तिच्या आवारात मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या यांपासून अरविंद गुप्ता यांनी तिथं मुलांना विज्ञान शिकवलं. ज्यांना हे जमतं ते लोक या प्रकल्पात आहेतच. आपण फक्त मागायचं आहे.

मागणी अशी की केंद्र यंत्राआधी उघडा. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आमच्याकडं पूर्ण प्रणाली तयार होईपर्यंत ग्राहकाला ताटकळत ठेवत नाहीत; चालेल असा छोटा भाग आधी त्याच्या हातात देतात. यंत्र सुरू व्हायला वर्षं लागतील. आज तिसरीत असलेलं मूल तोवर कॉलेजात गेलेलं असेल. दोन खोल्या आजही पुरतील.

पहिल्या खोलीत विज्ञान. लेझर, आरसे, लंबक, आणि जमिनीचे हादरे दाखवणारं एक साधं यंत्र. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतो. १० जुलै २०२४ च्या सकाळी आपला जिल्हा ४.५ तीव्रतेच्या भूकंपानं हलला. अम्मीनं घाबरून फोन केला आणि मला तिला नीट समजावता आलं नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक तर वर्षानुवर्षं जमिनीतून येणारे आवाज ऐकत आलेत. ज्या मुलांच्या पायाखालची जमीन हलते, त्यांना ती का हलते हे सांगणारी एक तरी खोली हवी.

दुसऱ्या खोलीत जिल्हा. हळद उकडायची जुनी कढई, बैलगाडीचं चाक, मोडीतली आणि उर्दूतली कागदपत्रं, बंजारा तांड्यावरचे दागिने, वारकऱ्याची वीणा, कुणाच्या तरी नानीचं पानदान. पाट्या मराठीत, सोबत उर्दू आणि हिंदी. रविवारी उघडं, सोमवारी बंद. बायकांसाठी स्वच्छ शौचालय, पिण्याचं पाणी, आणि डबा खायला सावली. या शेवटच्या तीन गोष्टी नसतील तर आपल्या घरातल्या बायका येणार नाहीत, आणि त्या आल्या नाहीत तर मुलंही येणार नाहीत.

काहीजण म्हणतील, सोयाबीनला भाव नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि तुम्ही संग्रहालय मागताय? मी म्हणतो, तेही मागू, हेही मागू. भाव मिळालेल्या शेतकऱ्याच्या मुलालाही रविवार असतोच. दुसरी शंका अधिक वाजवी आहे: गाड्यांच्या वर्दळीनं इतक्या नाजूक यंत्राला त्रास होईल. त्याचा उपाय सोपा आहे. केंद्र नळ्यांपासून दूर, औंढा गावात किंवा हिंगोली शहरात असावं. यंत्राजवळ नेणं असेल तर ठरलेल्या दिवशी, मोजक्या लोकांना, शास्त्रज्ञ सांगतील तसं.

जिल्हा नियोजन समितीपुढं हा विषय यायला हवा. एका संघटनेच्या निवेदनानं तो येणार नाही. शाळांचे मुख्याध्यापक, मशिदीची कमिटी, वारकरी मंडळी, महिला बचत गट आणि व्यापारी यांनी एकाच कागदावर सह्या केल्या तर येईल. त्या सह्या गोळा करतानाच अर्धं काम होईल, कारण तेवढ्यासाठी तरी आपण एकमेकांच्या दारात जाऊ.

तोवर थांबू नका. या हिवाळ्यात चार रविवार काढा. एक सिद्धेश्वरला, पहाटे. एक औंढा आणि नर्सीला, मुलांना मूर्ती मोजायला लावून. एक लोणारला, चांगले बूट घालून आणि पाणी सोबत घेऊन, कारण खाली उतरणं सोपं असलं तरी वर चढताना दम लागतो. आणि एक, हळद निघाली की, वसमतच्या शेतात. अम्मी-अब्बांना घरी ठेवू नका. निम्मी माहिती त्यांच्याकडंच आहे.

आणि माळ्यावरची जुनी भांडी या दिवाळीत, या ईदला भंगारात देण्याआधी एकदा मुलांना दाखवा. ते काय आहे, कुणाचं होतं, ते सांगा. आम्ही नानीचं पानदान घालवलं. तिचा सरौता मात्र मागच्या महिन्यात मामूंच्या घरी सापडला, गंजलेला, पण धार शाबूत. मुलीनं तो कागदात गुंडाळून ठेवलाय आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "संग्रहालयासाठी."