बदलण्यापूर्वी दुरुस्ती

पाळी सुटण्याच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकातून, कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांच्या गर्दीतून, आपली मोटार सहीसलामत बाहेर काढणे हा ज्यांचा नित्याचा उद्योग आहे, त्यांना बंपर कशासाठी असतो हे सांगण्याचे प्रयोजन नाही. मोटारीला होणारी पहिली इजा बहुधा त्याच्याच वाट्याला येते. आणि ती घेऊन गाडी वर्कशॉपमध्ये दाखल झाली, म्हणजे जो पहिला सल्ला मिळतो तो पुष्कळदा बंपर दुरुस्त करण्याचा नसून तो बदलण्याचा असतो. काही प्रसंगी हा सल्ला रास्तही असतो. परंतु तो इतक्या सहजपणे, कारणाचा एक शब्दही न लिहिता दिला जावा, आणि ज्या भूभागाने साठ वर्षे मोटार घडवण्याचे कसब देशाला पुरवले त्याच भूभागात दिला जावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बंपर बदलण्याचा हुकूम सुटण्यापूर्वी तो दुरुस्त का होऊ शकत नाही याचे लेखी कारण ग्राहकाला मिळाले पाहिजे, आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला शिक्षण, साधने व प्रतिष्ठा ही तिन्ही लाभली पाहिजेत, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

येथील उद्योगाचा इतिहास पाहिला तर ही अपेक्षा अवाजवी वाटणार नाही. १९६६ मध्ये टेल्कोने पुण्याच्या या बाजूस पाय रोवले तेव्हा सुमंत मुळगावकरांनी नुसत्या उत्पादनाच्या आकड्यांकडे न पाहता टूल रूम आणि शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण या दोहोंना पायाचे स्थान दिले, आणि त्या प्रशिक्षणातून बाहेर पडलेल्या हातांनीच पुढे भोसरीच्या आणि चिंचवडच्या शेकडो लहान शेड उभ्या केल्या. १९९८ मध्ये जनतेसमोर आलेली इंडिका याच परंपरेचे फळ होय. त्यानंतर चाकणचे पठार बदलले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या आसपास बजाज आले, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्र आले, आणि त्यांच्यासाठी सुटे भाग करणाऱ्यांची तर रांगच लागली. घडवण्याच्या विद्येत इतकी मजल मारलेल्या मुलखाने जोडण्याच्या आणि सांधण्याच्या विद्येकडे मात्र दुय्यम दृष्टीने पाहावे, यात एक विसंगती आहे.

पद्मिनी आणि अँबेसेडर यांच्या काळी बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी पट्टा असे. तो वाकला तर मिस्त्री ठोकून सरळ करी आणि फार झाले तर पुन्हा मुलामा चढवून घेई. आजचा बंपर ही वेगळीच चीज आहे. बाहेरून जो दिसतो तो पॉलिप्रॉपिलीन आणि कृत्रिम रबर यांच्या मिश्रणाचा एक लवचिक मुखवटा असून, धक्का सोसणारी धातूची आडवी तुळई त्याच्या मागे दडलेली असते. मुखवटा काढून त्याची आतली बाजू पाहिली तर तेथे पदार्थाची संज्ञा साच्यातच उमटवलेली आढळते, आणि जाणकार कारागीर काम सुरू करण्यापूर्वी तीच वाचतो. कारण ज्या जातीचे प्लास्टिक त्याच जातीची सळई घेऊन, गरम हवेच्या झोताने दोन्ही कडा वितळवून सांधा घातला, तरच तो टिकतो. तडा लहान असो वा हातभर असो, तुटलेला तुकडा जागेवर असेल आणि बंपर ज्यांनी गाडीला अडकतो ते कान शाबूत असतील, तर अशी दुरुस्ती बहुतेक वेळा साध्य असते.

खरी कसोटी सांध्याच्या पुढे, रंगाच्या पायरीला लागते. पॉलिप्रॉपिलीनचा स्वभावच असा की त्याला रंग सहजासहजी धरून राहत नाही. कारखान्यात त्याचा पृष्ठभाग ज्वाळेच्या स्पर्शाने किंवा अन्य उपायाने रंगाला अनुकूल करून घेतात, आणि गॅरेजमध्ये त्या जागी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर द्यावा लागतो. जेथे हा प्रायमर वाचवला जातो, जेथे मेण आणि तेलाचा अंश पुसला जात नाही, जेथे पत्र्यासाठी केलेली कडक पुट्टी लवचिक प्लास्टिकवर थापली जाते, तेथे गाडी घरी नेताना रंग आरशासारखा चकाकतो आणि दोन पावसाळ्यांत सालपटासारखा सुटतो. दोष दुरुस्तीच्या कल्पनेत नसून तिच्या उतावळेपणात असतो. परंतु त्याची अपकीर्ती मात्र सगळ्या दुरुस्तीच्या वाट्याला येते.

रंग जुळवण्याविषयीही एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ‘दुरुस्त केलेला बंपर वेगळा दिसतो, म्हणून नवाच घ्या’ हा युक्तिवाद ऐकणाऱ्याने इतके ध्यानात ठेवावे की नवा बंपरही पुष्कळदा त्याच बूथमध्ये, त्याच पेंटरच्या हातून रंगवला जातो. इतकेच काय, गाडी कारखान्यातून कोरी बाहेर पडते तेव्हासुद्धा तिचा पत्रा आणि तिचा बंपर एका भट्टीतून निघालेले नसतात; पत्र्यावरील पहिला थर ज्या दीडशे अंशांहून अधिक उष्णतेत भाजला जातो ती प्लास्टिकला सोसवत नाही, सबब बंपर निराळा, सुमारे ८० अंशांच्या सौम्य उष्णतेत वाळवतात. चंदेरी किंवा मोत्याच्या झाकेचा रंग असेल, तर त्यातील सूक्ष्म कण कोणत्या कलाने बसतील हे गनच्या दाबावर आणि अंतरावर अवलंबून राहते, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा मूळ रंग वर्षागणिक उतरतो तो वेगळाच. चांगला पेंटर गाडीवरील सांकेतिक क्रमांकावर विसंबून न राहता नमुन्याची पट्टी मारून ती उन्हात गाडीशी ताडून पाहतो, आणि गरज भासल्यास शेजारच्या पॅनलवर रंगाची छटा विरत नेतो. हे कसब दुरुस्तीलाही लागते आणि बदलीलाही लागते.

मग बदलीकडे कल का झुकतो? त्याचे मूळ हिशेबात आहे. साध्या सर्वंकष विमा पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा धरला जातो, म्हणजे नवा बंपर घेतल्यास निम्मी किंमत मालकाने सोसायची. दुरुस्तीच्या मजुरीवर मात्र असा घसारा लागत नाही, आणि रंगकामाच्या एकत्रित बिलात केवळ २५ टक्के रक्कम मालाची समजून तिच्यावर निम्मा घसारा कापला जातो. या व्यवस्थेत मालकाला दुरुस्तीची आवड असण्यास कारण होते. परंतु ‘झिरो डेप’ची जोड घेतली की घसाऱ्याची तोशीस मालकाला उरत नाही, वर्कशॉपला नव्या भागाच्या विक्रीवर नफा मिळतो, आणि जुना बंपर सांधून देण्यात कोणालाच स्वारस्य राहत नाही. खर्च अर्थात नाहीसा होत नाही. तो हप्त्यांच्या रूपाने सर्व विमेदारांवर वाटला जातो. शिवाय किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करणाऱ्याचा नो क्लेम बोनस, जो पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो, तो एका सहीसरशी शून्यावर येतो, आणि ही गोष्ट काउंटरवर आपण होऊन सांगणारा इसम विरळाच.

सरकारी कराचे पारडेही पूर्वी दुरुस्तीच्या बाजूने होते. सुट्या भागांवर २८ टक्के आणि दुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुटे भागही १८ टक्क्यांवर आले. ग्राहकाला हा दिलासा स्वागतार्हच आहे, तथापि त्यामुळे दुरुस्तीला असलेला तेवढा लाभ संपुष्टात आला, हेही नमूद केले पाहिजे.

निवडीचा हक्क हा केवळ भावनेचा विषय नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना, सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून रोखून धरल्याच्या कारणावरून, सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; त्यांत या पट्ट्याशी नाते असलेल्या अनेक कंपन्या होत्या. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेले. परंतु आयोगाने विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारीचाही समावेश केला. दस्तऐवजातला हा हक्क एस्टिमेटच्या कागदापर्यंत पोहोचवणे हे काम अद्याप बाकी आहे.

दुसरी बाजूही निःपक्षपातीपणे मांडली पाहिजे. आतील तुळई वाकली असेल, कान तुटून गेले असतील, वा तुकडेच हरवले असतील, तर दुरुस्तीचा हट्ट धरणे हे काटकसर नव्हे, अविवेक होय. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे वाहन नेताना इशारा देणारे सेन्सर सक्तीचे झाले आहेत, आणि महागड्या गाड्यांत बंपरच्या आड रडारही असतो. त्याच्यासमोर पुट्टीचा जाड थर बसला तर यंत्राची दृष्टी मंदावते. अशा ठिकाणी बदलीच योग्य. पण म्हणूनच कारण लिहून देण्याची मागणी अधिक न्याय्य ठरते: जेथे कारण आहे तेथे ते लिहिण्यास दोन ओळी पुरतात, आणि जेथे ते नाही तेथे ओळ सुचणार नाही.

दुरुस्तीचा पुरस्कार करताना दुरुस्ती करणाऱ्याच्या छातीचाही विचार केला पाहिजे. आजच्या टिकाऊ रंगांत मिसळल्या जाणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांमुळे पेंटरला दमा जडू शकतो, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय सिद्ध केले आहे. असे असूनही तोंडाला रुमाल बांधून, उघड्या शेडमध्ये गन चालवणारे तरुण या पट्ट्यात कोठेही दिसतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखली भागात महापालिकेने अनधिकृत शेडवर मोठी कारवाई केली. कायद्याचा अंमल आवश्यकच. परंतु शेड पाडल्याने धंदा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या गल्लीत, तितक्याच धोकादायक रीतीने उभा राहतो. त्यापेक्षा एमआयडीसी आणि महापालिका यांनी मिळून हवा गाळणारे, उष्णतेची सोय असलेले सामायिक स्प्रे बूथ उभारावेत, लहान कारागिरांना ते तासाच्या भाड्याने द्यावेत, आणि तेथील रंगाचा घातक गाळ रांजणगावच्या प्रक्रिया केंद्राकडे जाईल अशी तजवीज करावी.

आयटीआयच्या अभ्यासक्रमांत ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंग असे दोन स्वतंत्र ट्रेड मंजूर आहेत. ज्या नगरीच्या दारात एवढे कारखाने उभे आहेत, तेथील मुलांना या ट्रेडच्या जागा, अद्ययावत साहित्य आणि कंपन्यांमधील उमेदवारी मुबलक मिळाली पाहिजे. विमा कंपन्यांनी सर्व्हेअरच्या अहवालात ‘दुरुस्ती शक्य होती काय’ हा रकाना सक्तीचा करावा, आणि दुरुस्ती पत्करणाऱ्या मालकाचा बोनस किरकोळ क्लेमसाठी शाबूत ठेवावा. वर्कशॉपने दोन्ही पर्यायांचे दर एकाच कागदावर द्यावेत, बदललेला जुना बंपर ग्राहकाला दाखवावा, आणि रंगकामाची हमी लेखी द्यावी. यांपैकी एकाही सूचनेला नवे संशोधन किंवा मोठे भांडवल लागत नाही. सामायिक बूथचा खर्चही एखाद्या उड्डाणपुलाच्या तुलनेत नगण्य आहे. ग्राहकाने आपल्या परीने एवढे करावे, की पुढच्या खेपेस एस्टिमेटवर सही करण्यापूर्वी बदलीचे कारण त्याच कागदावर लिहून मागावे आणि ते मिळेपर्यंत सही करू नये.