घणाखालचे पितळ

पुण्याच्या तांबट आळीत पत्रा ठोकून भांडे घडविणारा कारागीर मध्येच हात आवरून ते भट्टीत का घालतो, ह्या प्रश्नातून प्रस्तुत अंकाची योजना आकारास आली. ठोक्यागणिक पत्रा कठीण होत जातो, आणि तसाच रेटा चालू ठेवला तर काठाशी तडकतो. तोच जिन्नस लालसर तापवून घेतला की पुन्हा हाताला वश होतो. ह्या पिढीजात अनुभवाची उपपत्ती १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी ह्यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे मांडली: स्फटिकातील रेषारूप दोष सरकतात म्हणून धातू वाकतो, आणि वाकता वाकता त्यांची संख्या इतकी वाढते की ते एकमेकांचीच वाट अडवितात. पितळेतील जस्ताचे अणू ह्या अडवणुकीत भर घालतात. भट्टीच्या उष्णतेने मात्र जवळजवळ निर्दोष असे नवे स्फटिक उगवतात.

उष्णतेवाचूनही मार्दव येते, हे आम्हांस अधिक विलक्षण वाटते. ताणून कठीण केलेला धातू उलट दिशेने दाबला असता अपेक्षेपेक्षा लवकर नमतो, हे बाउशिंगर ह्यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविले होते. मोटारीचा पत्रा साच्यात वाकून पुन्हा सरळ होताना हाच गुणधर्म हिशेबात घ्यावा लागतो, आणि पिंपरी-चिंचवडपासून नाशिकपर्यंत दाबयंत्रांवर काम करणारे आमचे अनेक वाचक त्याच्याशी रोज झुंजत असतात. म्हणून ह्या अंकात सिद्धान्ताइतकीच जागा आम्ही कारखान्यातील अनुभवाला दिली आहे. मिश्रधातूचे प्रमाण, तापमान आणि तडा नेमका कोठे गेला, ह्या तपशिलांसह वाचकांनी आम्हांस अवश्य लिहावे. निवडक पत्रे पुढील अंकी छापू.