कॅरिअर काढा म्हणणाऱ्यांनी आधी मागच्या सीटवर बसून दाखवावं

मंडळी, रविवारपासून डोकं तापलंय म्हणून लिहितोय. लांबलंय जरा, पण वाचा.

रविवारी आपल्याकडे जुन्या मोटरसायकलींचं प्रदर्शन भरलं होतं. बातमीसाठी मी गेलो. आपले दूधवाले अण्णा त्यांची राजदूत घेऊन आले होते, स्वतः चालवत, बारा किलोमीटरवरून, मागे काकू बसलेल्या. एका किकमध्ये चालू होणारी गाडी, कागद चोख, टाकीवरचा रंग जुनाच. परीक्षकांनी मागून एक चक्कर मारली आणि गाडी बाद केली. का, तर मागे लोखंडी कॅरिअर आहे आणि काकूंसाठी पाठीला टेकू लावलाय. म्हणे ओरिजनल नाही! बक्षीस एका चकचकीत बुलेटला गेलं. ती टेम्पोतून आली आणि टेम्पोतूनच गेली.

ओरिजनल म्हणजे काय हो? राजदूत १७५ मुळात पोलंडच्या एसएचएल एम ११ वरून घेतलेली. एस्कॉर्ट्सने ती इथे बनवली आणि आपल्या दूधवाल्यांनी, पोस्टमननी, शेतकऱ्यांनी ती वापरून नावारूपाला आणली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली राजदूत ज्याने बघितली नाही, त्याने राजदूतच बघितली नाही. कॅरिअर हाच त्या गाडीचा इतिहास आहे. तो कापून भंगारात घालायचा आणि उरलेल्याला इतिहास म्हणायचं, हे कुठलं शहाणपण?

बरं, सरकारचं तरी काय म्हणणं आहे? २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. यात नटबोल्टने बसवलेलं, दहा मिनिटांत निघणारं कॅरिअर कुठे बसतं? मला तरी दिसत नाही. उलट केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्याला धरायला पक्की पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. परवाच्या 'ओरिजनल' गाड्यांपैकी निम्म्यांचं साडी गार्ड काढलेलं होतं. शो जातो म्हणे! त्यावर एकाही परीक्षकाने शेरा मारला नाही.

पुढे २०२० मध्ये याच नियमांत मागे डबा बसवायची मापंही ठरवून दिली : लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००. डबा सीटवर असेल तर एकट्यानेच जायचं, सीटच्या मागे असेल तर दुसरा माणूस चालतो. म्हणजे मोटरसायकलवर सामान नेणं हा गुन्हा नाही. चौकात कॅरिअर बघून शिट्टी मारणाऱ्यांनीही हे एकदा वाचावं. फेरफाराला २०१९ पासून ५ हजारांचा दंड आहे हे त्यांना पाठ असतं. पण कर्णकर्कश सायलेन्सर बदललेली गाडी त्यांच्या नाकासमोरून जाते तेव्हा ते दुसरीकडे बघतात.

आता दुसरी बाजू, कारण या विषयात मीही धुतल्या तांदळासारखा नाही. दोन वर्षांपूर्वी घरच्या येझदीला मी हौसेने उंच बॅकरेस्ट लावून घेतला. वेल्डिंगवाल्याने पातळ पाइप वाकवला आणि सरळ मडगार्डच्या पट्टीला टाका मारला. पाचशे रुपयांत काम झालं, मी खूश. तीन महिन्यांनी आई मागे बसली होती. साखर कारखान्याच्या फाट्यावरचा स्पीडब्रेकर मी जरा जोरात घेतला, आई मागे रेलली आणि टाका सुटला. टेकू तिच्यासकट खाली आला. मनगट मोडलं. आजही तिला कणीक मळता येत नाही.

त्या वेल्डिंगवाल्याशी मी भांडलो नाही. काम मीच सांगितलं होतं आणि स्वस्तात मीच मागितलं होतं. पण नंतर तुटलेला तुकडा नीट बघितला. पाइप टाक्यात नव्हता तुटला, टाक्याच्या कडेला तुटला होता. तिथे लोखंड तापून कमजोर होतं, आणि एका सिलिंडरच्या गाडीची थरथर रोज तेच लोखंड हलवत राहते. शिवाय टेकू जितका उंच तितका खालच्या जोडावर ताण जास्त, पहार लावल्यासारखा. टेकू कमरेपर्यंत पुरतो. खांद्यापर्यंत गेला तर तो फक्त फोटोसाठी.

तेव्हा ज्यांना लावायचाय त्यांनी मडगार्डवर भरवसा ठेवू नका. मडगार्ड चिखल अडवायला असतं, माणूस पेलायला नाही. शॉकॲबसॉर्बरच्या वरच्या बोल्टपासून आणि सीटखालच्या फ्रेमच्या भोकांपासून आधार घ्या. जाड वॉशर, लॉक नट वापरा, महिन्यातून एकदा पाना फिरवा. फ्रेमला वेल्डिंग मुळीच नको. तिथे चीर गेली तर गाडी गेली, आणि विंटेजचा हक्कही गेला. वजन होईल तितकं मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवा. सगळं शेपटीला लादलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. या गाड्यांचे ड्रम ब्रेक आधीच बेताचे, त्यात मागचा मिणमिणता दिवा पोत्याआड गेला तर रात्री मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला काय दिसणार?

अण्णांचं कॅरिअर मी वाकून बघितलं. चार बोल्ट, चारही कसलेले, एकही टाका नाही. हे परीक्षकांनी बघितलंच नाही, कारण त्यांना वाकायचं नव्हतं.

आयोजकांना दोनच गोष्टी मागतोय. अण्णांची तीनशे रुपये प्रवेश फी परत करा. आणि पुढच्या वर्षी रोज कामावर जाणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी वेगळा गट ठेवा, त्यात परीक्षक म्हणून एखादा मेकॅनिक बसवा. दोन्ही गोष्टी मी त्यांना लेखी दिल्यात. उत्तर आलं की इथेच टाकतो.