गृहोपयोगी यंत्रें : जुन्या वेषांतील नवा कॅमेरा

मुलुंडच्या एका भगिनींनीं आमच्याकडे पाठविलेल्या पत्रांत एक घरगुती वाद मांडला आहे. तो आज पुष्कळ घरांत चालू असावा असें वाटल्यावरून या महिन्याचें सदर आम्ही त्यालाच दिलें आहे. त्यांच्या धाकट्या दिरांस निकॉन कंपनीचा झेड-एफ हा कॅमेरा घ्यावयाचा आहे. दिसावयास तो चाळीस वर्षांपूर्वींच्या कॅमेऱ्यासारखा, पण आंतून सर्वस्वीं आजचा. मामंजी म्हणतात, "तसला कॅमेरा माझ्या कपाटांत १९८५ सालापासून आहे, त्याच रूपासाठीं पुन्हां एवढे पैसे कां मोजावे?" यजमानांचें मत असें कीं, खिशांत फोन असतां दोहोंचीही गरज नाहीं. भगिनी शेवटीं लिहितात, "मला कोणीच विचारलेलें नाहीं. पण घरांतील सर्व समारंभांचे फोटो मीच काढतें, म्हणून निकाल मला हवा आहे."

मागणी रास्त आहे. तेव्हां प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत भिंगामागें एक तिरपा आरसा असे. भिंगांतून आलेलें दृश्य तो वरच्या लोलकाकडे व तेथून डोळ्याकडे पाठवी. कळ दाबतांच आरसा वर उचलला जाई आणि प्रकाश मागील फिल्मवर पडे. मिररलेस कॅमेऱ्यांत हा आरसाच नसतो. प्रकाश सरळ संवेदक फलकावर पडतो आणि तेथें उमटलेलें चित्र डोळ्याजवळच्या इवल्या पडद्यावर दिसतें. भिंग बदलतां येणारे असे कॅमेरे २००८ सालच्या पॅनासॉनिक जी-१ पासून बाजारांत रुळूं लागले. पुढच्याच वर्षीं ऑलिंपसनें आपल्या १९५९ सालच्या ‘पेन’ कॅमेऱ्याची आठवण करून देणारा ई-पी१ काढला. त्यानंतर २०१२ पासून फुजीफिल्मनें हाच मार्ग धरला. निकॉननें २०२१ सालीं झेड-एफसी आणि २०२३ सालीं झेड-एफ आणला. या दोहोंचें रूप कंपनीच्या १९८२ सालच्या एफएम-२ वरून घेतलेलें आहे, आणि मामंजींच्या कपाटांत आहे तोही एफएम-२ च.

आतां गुण. पहिला आणि मुख्य गुण माथ्यावरील तबकड्यांचा. फोटोंतला उजेड तीन गोष्टींवर अवलंबून असतो : भिंगाचें छिद्र किती मोठें, पडदा किती वेळ उघडा, आणि फलकाची संवेदनशीलता किती. हें नळाखालीं भांडें भरण्यासारखें आहे. तोटी मोकळी सोडली तर भांडें लवकर भरतें, कमी सोडली तर अधिक वेळ थांबावें लागतें. भांडेंच लहान घेतलें तर थोड्या वेळांत भरतें खरें, पण हातीं येणारें पाणीही थोडेंच. संवेदनशीलता फार वाढविली असतां चित्रांत रवा दिसूं लागतो तो याच कारणानें.

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हे आंकडे पडद्यावरील याद्यांत दडलेले असतात. झेड-एफवर मात्र पडद्याचा वेग, संवेदनशीलता आणि उजेडाची कमीअधिक दुरुस्ती हीं तीन पितळी तबकड्यांवर लिहिलेलीं आहेत, आणि छिद्राचा आंकडा शेजारच्या लहानशा खिडकींत दिसतो. एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें याचें महत्त्व रूपाहून अधिक आहे. ज्यांनीं फिल्मवर फोटो काढले त्या आजोबांस आणि दहा वर्षांच्या नातवास एकच आंकडा एकाच वेळीं दिसतो. "पडदा तीसवर आहे, श्वास रोखून धर," असें आजोबा सांगूं शकतात. याद्यांच्या कॅमेऱ्यापुढें तेच आजोबा गप्प बसतात आणि त्यांचें चाळीस वर्षांचें शिक्षण त्यांच्याजवळच राहतें.

दुसरा गुण आरसा नसल्यामुळें आला आहे. एफएम-२ मध्यें भिंगाची बैठक व फिल्म यांत ४६.५ मिलिमीटर अंतर होतें, कारण आरसा हालावयास जागा हवी. झेड मालिकेंत तेंच अंतर १६ मिलिमीटर आहे. मधल्या ३०.५ मिलिमीटरांच्या जागेंत एफटीझेड नांवाची जोडकडी बसते आणि मामंजींचें जुनें ५० मिलिमीटरांचें भिंग नव्या यंत्रावर चढतें. या भिंगानें स्पष्टता हातानेंच साधावी लागते; पण पाहण्याच्या खिडकींत डोळ्याची बाहुली मोठी करून पाहतां येत असल्यामुळें तें काम पूर्वींपेक्षां सोपें झालें आहे. झेड-एफचा फलक जुन्या फिल्मच्याच आकाराचा, ३६ बाय २४ मिलिमीटरांचा, असल्यानें भिंगाचें मूळचें क्षेत्रही तसेंच राहतें.

तिसरा गुण मंद उजेडांतील कामाचा. देवघरांतील समईचा उजेड असो कीं बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यांतील चैत्यगृह असो, तेथें पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो आणि हात हालतो. झेड-एफमध्यें फलकच सूक्ष्म हालचाल करून हाताचा कंप भरून काढतो. मात्र धांवणाऱ्या मुलास तो स्थिर करूं शकत नाहीं. तेथें वेगच वाढवावा लागतो. वेगाच्या तबकडीजवळ एक लहान दांडीही आहे, ती सरकविली असतां चित्र कृष्णधवल होतें. काळ्या पाषाणाचें कोरीव काम पाहण्यास ही सोय फार चांगली.

आतां दोष. ते सांगितल्यावांचून गुणांचें मोल कळणार नाहीं.

रूपासाठीं कंपनीनें हाताची सोय सोडली आहे. बॅटरी व कार्ड धरून झेड-एफचें वजन सुमारें ७१० ग्रॅम भरतें, आणि समोर बोटांस धरावयास नीटसा उंचवटा नाहीं. लहान भिंग असतां हें चालून जातें. पण भांडुप-ऐरोलीकडे ठाणें खाडींतील रोहित पक्षी टिपावयाचे तर दोन किलोंच्या आसपासचें लांब भिंग लागतें, आणि तें लावल्यावर अर्ध्या तासांत मनगट दुखूं लागतें. पक्ष्यांची हौस असणाऱ्यानें या कॅमेऱ्याच्या वाटेस न जावें.

दुसरा दोष अधिक खोल आहे. तबकडी आणि यंत्र यांचें नेहमींच एकमत नसतें. कॅमेरा स्वयंचलित ठेवला म्हणजे तबकडीवर १२५ लिहिलेलें असतें आणि यंत्र आपल्या मनानें निराळाच वेग धरतें. एफएम-२ ची तबकडी पडद्यास प्रत्यक्ष जोडलेली होती, म्हणून ती खोटें बोलूंच शकत नव्हती; बॅटरी संपली तरी पडदा चाले. शिवाय निकॉनच्या बहुतेक नव्या भिंगांवर छिद्राची कडीच नाहीं. म्हणजे तीन आंकड्यांपैकीं एक अखेर साध्या चाकाच्याच स्वाधीन. या बाबतींत फुजीफिल्मचा एक्स-टी ५ (२०२२) अधिक सरळ आहे. त्याच्या पुष्कळ भिंगांवर कडी आहे आणि वजनही ५५७ ग्रॅमच. मात्र त्याचा फलक लहान आहे.

लहान फलकाची अडचण उपनगरांतील घरांत विशेष जाणवते. झेड-एफसी वजनास ४४५ ग्रॅम आणि किंमतींतही हलका. पण त्याचा फलक लहान असल्यानें त्यावर ५० मिलिमीटरांचें भिंग ७५ सारखें अरुंद पाहतें, आणि कंप भरून काढण्याची सोय त्याच्या धडांत नाहीं. घाटकोपरच्या बारा फुटी खोलींत चौदा माणसें एका चित्रांत बसवावयाचीं तर भिंतीला पाठ टेकूनही कोणाचा तरी खांदा कापला जातो. अशा घरानें रुंद पाहणाऱ्या भिंगाचा खर्च आधींच हिशेबांत धरावा.

बाकीचे दोष किरकोळ, तरी माहीत असावेत. एका बॅटरींत साडेतीनशेंच्या आसपास चित्रें निघतात. मुंजीच्या दिवशीं तीं दुपारींच संपतात, म्हणून दुसरी बॅटरी हवी. कार्डांच्या जागा दोन, पण दुसरी नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डाची. आणि किंमत! आपल्याकडे झेड-एफ प्रथम विक्रीस आला तेव्हां भिंगावांचून नुसत्या कॅमेऱ्यास पावणेदोन लाखांच्या घरांत रुपये पडत. भिंग, जोडकडी व बॅटरी यांचा खर्च त्याहून निराळा.

मुंबईचा पाऊस हा सर्वच कॅमेऱ्यांचा शत्रू. येथें वर्षाकाठीं २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओली असते. भिंग चामड्याच्या पिशवींत घालून लाकडी कपाटांत ठेवलें कीं त्यावर बुरशीचें जाळें धरतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालून त्यांत भिंग ठेवावें, आणि पुड्यांचा रंग पालटला कीं त्या वाळवाव्या. मामंजींच्या भिंगास नव्या यंत्रावर चढविण्यापूर्वीं उजेडासमोर धरून आरपार पाहावें, हें त्यांस आमच्या वतीनें सांगावें.

यजमानांच्या म्हणण्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, रोजच्या कामास फोन पुरेसा आहे, आणि केवळ अधिक रेखीव चित्रासाठीं एवढा खर्च करूं नये. कॅमेरा घ्यावयाचा तो काढणाऱ्यास विचार करावयास लागावें म्हणून. मुंबईंत फोटोग्राफीची मंडळी १८५४ सालीं स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे गृहस्थ तींत होते. त्या काळीं एकेका कांचेमागें इतका खटाटोप असे कीं समोरच्या माणसाकडे नीट पाहिल्यावांचून गत्यंतर नव्हतें. तबकड्यांचा कॅमेरा तेवढें पाहणें थोडेंसें परत देतो. पण तो केवळ गळ्यांत मिरवावयास घेतला तर तेंही देत नाहीं.

म्हणून आमचा निकाल असा. लगेच विकत घेऊं नये. अंधेरीस चित्रपटव्यवसायामुळें कॅमेरे भाड्यानें देणारीं दुकानें आहेत. येत्या सणाच्या दिवशीं भाऊजींनीं स्वखर्चानें एक दिवस तो आणावा. स्वयंचलित योजना बंद ठेवावी, मामंजींनीं तबकड्या समजावून द्याव्या, आणि घरांतील प्रत्येकानें, मुलांनींही, दहा-दहा चित्रें काढावीं. संध्याकाळपर्यंत कॅमेरा भाऊजींच्याच हातीं राहिला तर ती त्यांची खासगी हौस समजावी व तिचा भार त्यांच्याच पगारावर असावा. तो हातोहात फिरला, तर घरानें मिळून घेण्याजोगी ती वस्तु आहे. आणि मग ती कोणा एकाच्या कुलुपांत न राहतां बैठकीच्या खोलींतील डब्यांत राहावी.

भगिनींस एक विनंती. आजवरच्या समारंभांच्या चित्रांत आपण स्वतः किती आहांत तें एकदां मोजून पाहावें. त्या दिवसाच्या दहा-दहा चित्रांपैकीं प्रत्येकाचें एक तरी चित्र आपलें असावें अशी अट आपणच घालावी. निवडक चित्रें कागदावर छापून घ्यावीं, आणि प्रत्येकामागें पेन्सिलीनें तारीख, स्थळ व माणसांचीं नांवें लिहावीं. तें काम कोणताही कॅमेरा करीत नाहीं.