आधी नावं निवडा, मग सर्व्हर वाढवा

मालवण तालुक्यात मी सरकारी दाखले-उतारे काढून देण्याचं केंद्र चालवते. फळपीक विम्याची मुदत संपत आली की आंबेवाल्यांची रांग पायरीखाली जाते आणि पडद्यावर चक्र फिरत राहतं. "गो बाय, सातबारो आज तरी गावतलो मां?"

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला, शुल्क १५ रुपये. सोय मोठीच. पण यंत्रणा धापा टाकू लागली की सगळे एकच म्हणतात, सर्व्हर वाढवा. मला ते अर्धंच उत्तर वाटतं.

कोकणातला सातबारा घाटावरच्यासारखा नसतो. चार गुंठ्यांच्या हिश्श्यावर तीस-चाळीस नावं. निम्मी मुंबईत, काही केव्हाच वारलेली. कुठे 'बाबाजी', कुठे 'बाबजी', माणूस एकच. नावावरून उतारा सापडत नाही, मग तोच माणूस पाचदा शोधतो आणि भार पाचपट होतो. हा भार कुठलं नवं यंत्र उचलणार?

शिवाय नुसता उतारा बघणाऱ्यांसाठी माहितीची वेगळी प्रत असावी. फेरफार नोंदवणाऱ्या तलाठ्याला आमच्या गर्दीचा त्रास का? प्रत दहा मिनिटं मागे राहिली तर राहू दे, तेवढ्यात जमीन काही पळून जात नाही!

मृतांऐवजी वारसांची नावं लावणारी 'जिवंत सातबारा' मोहीम २०२५च्या एप्रिलमध्ये राज्यभर सुरू झाली. आमच्याकडे तिचे कॅम्प गणपतीत लावा. चाकरमानी तेव्हा घरात असतात. सगळ्या भावकीच्या सह्या एकाच पडवीत मिळतील. भांडणंही तिथेच होतील, होऊ देत.