ऑनलाइन वर्ग : हजेरीकडून सहभागाकडे

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशभरातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर आले. हजेरी नोंदवणे त्यात सोपे होते. विद्यार्थ्याला बोलते करणे मात्र कठीण ठरले.

याचे खापर केवळ विद्यार्थ्यांच्या अनास्थेवर फोडता येणार नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये शहरी भागात सुमारे ४२ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेट सुविधा होती. भावंडांत एकच मोबाइल असेल, तर कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती हा सहभागाचा निकष ठरू शकत नाही. ठरावीक अंतराने एखादा छोटा प्रश्न, लेखी उत्तराची मुभा, चार-पाच जणांचे गट आणि प्रत्येकाला नावानिशी अभिप्राय हे उपाय कमी डेटातही शक्य आहेत.

शाळा पुन्हा भरल्या, तरी हा प्रश्न संपलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरून पूर्ण करण्यास परवानगी दिली. पदवीचे श्रेयांक ऑनलाइन मिळणार असतील, तर प्रश्न विचारण्याची संधीही तेथेच मिळायला हवी. अन्यथा विद्यार्थी केवळ प्रेक्षक उरेल.